पाहुण्यांना आडवं करा!

चष्मेवाला कुणाला घाबरत नव्हता. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो डोळे तपासता तपासता ते ऐकवत असे. गिऱ्हाईक समोरच्या भिंतीवरची बारीक अक्षरं वाचण्यात गुंतलेलं असायचं, त्यामुळे वाद घालायचं नाही. असं करता करता ते मत चांगलंच पक्कं झालं होतं.

"तुझ्या वडिलांना मी एकटा भेटणार," टपाल कचेरीच्या खिडकीत तोंड घालून त्याने तिला सांगितलं. ती म्हणजे खिडकीपलीकडे शिक्के मारत बसलेली मुलगी. पहिल्यांदा ती दुकानात आली होती चष्म्याची मोडकी काडी घेऊन, आणि नंतर धडधाकट काड्या मोडून आणायला लागली होती. "शनिवारी दुपारी येतो. समोर बसतो, तुमची मुलगी मला द्या म्हणतो. विषय संपला!"

"शनिवारी नको रे! शनिवारी रग्बी—"

"शनिवार म्हणजे शनिवार!"

"अरे, पण घरात सगळ्यांना रग्बीचं इतकं वेड आहे, की—"

"असू दे. मला मुक्या जनावरांचा कंटाळा नाही," तो म्हणाला.

ती बघतच राहिली. पण मागच्या रांगेचा धीर सुटला होता. एका आजोबांनी त्याला पार्सलाने ढोसून बाजूला केलं आणि तिचा खुलासा तिच्या तोंडातच राहिला. चष्मेवाल्याच्या समजुतीप्रमाणे रग्बी ही कुत्र्याची जात होती. बुटकी, केसाळ आणि बहुतेक चावरी.

तेव्हा शनिवारी कडक इस्त्रीचा सदरा घालून आणि खिशात कुत्र्याची बिस्किटं भरून स्वारी निघाली. तिच्या वडिलांची लाकडाची वखार होती आणि वखारीच्या मागे घर. कामगारांना सुट्टी होती. करवतीचं यंत्र बंद होतं, पण त्याचं ते दातेरी पातं बघूनच चष्मेवाल्याने सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं. ओंडक्यांच्या थप्प्यांमधून भुसा तुडवत तो दारापाशी पोचला. कुत्रा कुठे दिसत नव्हता. बरं झालं, म्हणत त्याने घंटी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात शेजारच्या खिडकीतून आवाज आला.

"पाहुण्यांना सुरुवातीलाच आडवं करायचं! उठायला सवडच द्यायची नाही!"

हात हवेतच राहिला.

"बाबा, तुमची पद्धत जुनी झाली," दुसरा आवाज म्हणाला. "हे पाहुणे दिसायला हडकुळे, पण निसटायला पटाईत. आधी पाय धरायचे. कमरेच्या खाली!"

चष्मेवाल्याने स्वतःकडे पाहिलं. हडकुळा तर तो होताच.

"पाय कशाला?" तिसरा आवाज सगळ्यांत जाड होता. "दोघांनी दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि बाकीच्यांनी वर पडायचं. मागच्या खेपेच्या पाहुण्याचं काय केलं होतं, आठवतंय ना?"

"बरगड्या!"

"आणि खांदा!"

"स्ट्रेचरवरून नेलं बिचाऱ्याला, तरी हात हलवून हसत होता," असं म्हणाली ती बहुधा आई. "मला फार आवडला होता हो तो! काय उंची, काय केस! माझं तर अजून म्हणणं आहे, पाहुणे गुणी आहेत."

"आई, तू नक्की कुणाच्या बाजूने?"

"गुणांच्या!"

म्हणजे आपल्याआधीही कुणीतरी येऊन गेला होता! उंच होता, केसाळ होता आणि स्ट्रेचरवरून परत गेला होता! आणि हे तिने आपल्याला सांगितलंसुद्धा नाही!

"गळ्याला मात्र हात लावायचा नाही," वडील बजावत होते. "नियम म्हणजे नियम."

चष्मेवाल्याला जरा धीर आला. घराला निदान नियम तरी होते.

"पण बाबा, एवढं करूनही त्यांनी तिला नेलीच तर?"

मग वडिलांचा आवाज आला, तो ओला.

"कशी नेतील? इतकी वर्षं वाट पाहिली मी तिची! आता माझ्या डोळ्यांदेखत कुणी उपटसुंभ तिला उचलणार, चारचौघांत तिचे मुके घेणार, डोक्यावर घेऊन नाचणार, आणि मी टाळ्या वाजवू? माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!"

मुक्याचा चष्मेवाल्याने आजवर नुसता विचार केला होता, आणि तोही दुकान बंद केल्यावर. हे या माणसाला कळलं कसं?

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ती म्हणजे ट्रॉफी. रग्बीच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना थोड्याच वेळात सुरू होणार होता, तो यजमान संघ आणि पाहुणा संघ यांच्यात. सगळ्या शहराला दुसरा विषय नव्हता. पण ज्याच्या लेखी रग्बीला शेपूट असतं, त्याला हे सांगणार कोण? बरं, सामना सुरू होईपर्यंत टीव्ही लावला तर आपला संघ हरतो अशी वखारवाल्यांची खात्री होती, त्यामुळे तोही गप्प होता.

चष्मेवाला पाय न वाजवता मागे सरकला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं पडलं ते भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवर. धाडधाड करत सगळ्या फळ्या आडव्या झाल्या आणि दार उघडलं.

"कोण हवंय?" आईने विचारलं.

तुमची मुलगी, असं पाठ केलेलं उत्तर होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "च-चष्मे! नंबर तपासतो! घरोघरी! पण तुमचं घर राहिलं तरी चालेल!"

"अगंबाई, देवासारखे आलात! यांना लांबचं दिसत नाही आणि कबूल करत नाहीत. आत या, आत या!"

नको नको म्हणेपर्यंत तो आत होता. समोर खुर्चीत वखारवाले. सोफ्यावर थोरला आणि धाकटा, एकेक भाऊ कपाटाएवढा. दोघांच्या मध्ये जी फट उरली होती, तिच्यात आईने त्याला बसवलं.

"आज डोळेबिळे काही नाही," वखारवाले गुरगुरले. "आज फक्त रग्बी."

"कु-कुठे आहे तो?" चष्मेवाल्याने सोफ्याखाली बघत विचारलं आणि घाईघाईने बिस्किटं बाहेर काढली. धाकट्याने त्यातली मूठभर तोंडात टाकली. "जरा कडक आहेत," तो म्हणाला, "पण चव बरी आहे."

दोघा भावांचा वाद तिथेच सुरू झाला. पाय आधी की खांदा आधी? थोरला म्हणे पाय, धाकटा म्हणे खांदा. शेवटी थोरल्याने चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने तो उभाच राहिला.

"वाद कशाला? करूनच दाखवतो. चष्मेवाले, तुम्ही पाहुणे व्हा."

"मी? मी पाहुणा नाही! मी कुणाचाच पाहुणा नाही!"

"दोन मिनिटांसाठी व्हा! ही घ्या." थोरल्याने त्याच्या छातीवर एक लंबगोल उशी आदळली. "ही आमची. हिला घेऊन त्या दारापर्यंत पळायचं. आम्ही तुम्हाला नेऊ देणार नाही."

यांना आपले सगळे बेत कळून चुकले होते! चष्मेवाल्याला दरदरून घाम फुटला. त्याने उशी फेकून दिली आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "मला नको ती! आईशपथ नको! मी तिला ओळखतसुद्धा नाही! तुमची तुम्हालाच लखलाभ!"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात सरबताचे ग्लास खणखणले. ट्रे हातात घेऊन ती तिथे उभी होती. तिचा चेहरा असा उतरलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तो काही बोलणार, इतक्यात थोरल्याने पाय धरले, धाकट्याने खांदा धरला आणि दोन्ही पद्धती बरोबर असल्याचं एकाच वेळी सिद्ध झालं.

"वेळ झाली!" म्हणत वखारवाल्यांनी टीव्ही लावला.

धाकट्याच्या काखेखालून चष्मेवाल्याला पडदा दिसला. हिरवंगार मैदान, खचाखच भरलेली गर्दी, लंबगोल चेंडू. आणि निवेदक म्हणत होता, "रग्बीच्या या महासंग्रामात पाहुणे मैदानात उतरत आहेत!" मग लखलखती ट्रॉफी दाखवली. वखारवाल्यांनी तिला लांबूनच हात जोडले.

हळूहळू चष्मेवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला कुणी मारणार नव्हतं. पण त्याने तिला सगळ्यांसमोर नको म्हटलं होतं, आणि तिने ते ऐकलं होतं. ही भीती पहिल्या भीतीपेक्षा वाईट होती, कारण हिच्यात गैरसमज काहीच नव्हता. ती आता भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आज, आत्ता, या घरातून बाहेर पडायच्या आत विचारलं नाही, तर ती गेलीच.

त्याने घसा खाकरला. "वखारवाले, मी खरं म्हणजे—"

"शू!"

"अंतिम सामन्यात खरे हवे होते ते निळ्या जर्सीवाले," आई म्हणत होती. "काय देखणं खेळतात!"

"निळे? निळ्यांच्या अंगाला चिखल लागला की रडतात!" धाकटा उसळला.

"आणि पांढरे? पांढऱ्यांनी तर गटातच गाशा गुंडाळला!"

"पंचाने घालवलं त्यांना!"

"माझं एक छोटंसं काम—"

"शू!!"

मैदानावर दोन्हीकडचे धिप्पाड गडी डोक्याला डोकी लावून एकमेकांना रेटत होते. सोफ्यावरचे दोघेही रेटत होते आणि मध्ये चष्मेवाला होता. यजमानांनी गुण घेतले की त्याला मिठी मारली जायची, पाहुण्यांनी घेतले की त्याच्या मांडीवर बुक्की बसायची. आई मात्र दोन्ही वेळेला टाळ्या वाजवत होती. असं करत करत सामना शेवटाला आला. पाहुणे एका गुणाने पुढे, आणि यजमानांना मिळाली पेनल्टी किक. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की ट्रॉफी आपली!

वखारवाले खुर्चीच्या अगदी कडेला सरकले.

चष्मेवाल्याला खेळातलं काही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं की दुपारपासून पहिल्यांदाच सगळे गप्प आहेत. आता नाही तर कधीच नाही! तो उठला, वखारवाल्यांच्या खुर्चीपाशी गेला आणि एका दमात बोलला, "तुमची मुलगी मला द्याल का?"

"नाहीऽऽऽ!"

वखारवाले किंचाळले. थोरला किंचाळला, धाकटा किंचाळला. इतकंच काय, शेजारच्या घरातून, समोरच्या गच्चीतून, सगळ्या रस्त्यातून एकच आक्रोश उठला, "नाहीऽऽऽ!"

एखाद्याला बाप नाही म्हणतो, एखाद्याला भाऊ. चष्मेवाल्याला सबंध शहराने नकार दिला होता! तो धूम पळाला तो थेट ओंडक्यांच्या थप्पीमागे जाऊन भुशात बसला.

थोड्या वेळाने ती आली. "इथे काय करतोयस?"

"नाही म्हणाले." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सगळेच म्हणाले. शेजारीसुद्धा!"

"अरे शहाण्या, चेंडू खांबाला लागून परत आला म्हणून ओरडले ते! तू बोललास ते एकानेही ऐकलं नाही. मी सोडून."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं. आणि आधीचं 'मला नको ती' हेसुद्धा ऐकलं."

"ते उशीबद्दल होतं!"

"असेल. मग आत जा आणि पुन्हा विचार."

"आत्ता? हरल्यावर? अगं, माझ्या बरगड्या—"

"आत्ता. नाहीतर मी समजेन की ते उशीबद्दल नव्हतं."

चष्मेवाला उठला. अंगावरचा भुसा झटकायचंही त्याला सुचलं नाही. ओंडक्यांपासून दारापर्यंतची वाट येताना केवढीशी होती, आता संपता संपेना. आत सुतक असल्यासारखं वातावरण होतं. थोरला भिंतीकडे तोंड करून बसला होता, धाकट्याने त्याच लंबगोल उशीत डोकं खुपसलं होतं. वखारवाले बंद टीव्हीकडे टक लावून बघत होते. तरी चष्मेवाल्याने विचारलं. सगळं विचारलं, नीट विचारलं आणि मोठ्याने विचारलं.

दोन्ही कपाटं हळूच वळली. चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले.

"न्या," वखारवाले म्हणाले.

"अं?"

"न्या म्हटलं ना! ट्रॉफी गेली, आता पोरगी राहिली काय आणि गेली काय! माझं तर आज सगळंच गेलं. घेऊन जा!"

"हो हो, नेतो, लगेच नेतो!" चष्मेवाला घाईघाईने म्हणाला. विचार बदलला तर काय घ्या!

"नेतो?" मागून आवाज आला.

ती दारात उभी होती. कमरेवर हात होते. तिने आधी वडिलांकडे पाहिलं तशी त्यांनी मान खाली घातली. मग भावांकडे पाहिलं, तसे दोन्ही भाऊ सोफ्यावर अंग चोरून बसले. आई तर केव्हाच स्वयंपाकघरात पसार झाली होती. मग तिने चष्मेवाल्याकडे मोर्चा वळवला आणि शांतपणे विचारलं, "मी काय ट्रॉफी आहे?"

आणि दुपारभर आपण उगाचच भलत्या माणसांना घाबरत होतो, हे चष्मेवाल्याला कळून चुकलं.