नानांना गाडी पसंत पडत नाही

गेल्या वर्षी आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीत सहा-सात वर्षांचं मूल पाहुणं आलं, की त्याला आधी पार्किंगमधल्या विटांच्या घोड्यावर बसावं लागायचं, मगच लिफ्ट मिळायची. विटांच्या दोन चळती आणि वर आडवी फळी, एवढाच तो घोडा. बाजूला स्टुलावर आमचे शेजारी गायधनी नाना. "पाय टाक दोन्हीकडं. टाचा टेकव. टाचा, चवडे नाय." टाचा अधांतरी राहिल्या तर नाना एकेक वीट काढायचे, गुडघे फार वाकले तर चढवायचे, आणि मग स्वतःशीच मान हलवून पोराला सोडून द्यायचे. पाहुण्यांची समजूत घालायचं काम अर्थात आमच्याकडं.

तर सांगते. नानांची नात ईरा कॅनडात असते. ती रांगत होती तेव्हा नानांचा मुलगा संदीप बायकोपोरीला घेऊन तिकडं गेला, आणि पुढं व्हिसा, नोकरी, काही ना काही आडवं येत राहिलं. आता ती सात वर्षांची झाली होती आणि नाताळच्या सुट्टीत येणार होती. तिची पहिली मोटरसायकल आपणच घेऊन द्यायची, असं नानांनी ठरवून टाकलं. खेळण्यातली नव्हे बरं का. लहान मुलांसाठी मिळते ती खरीखुरी, बुटकी, मातीत पळवायची. त्यासाठी सिन्नरजवळ भावाच्या मळ्यात त्यांनी गोल रस्ता करून घेतला आणि त्यातले दगड स्वतः वाकून वेचले. बाकीचे आजोबा नातीला पैंजण घेतात. आमच्या नानांचं सगळंच जगावेगळं.

नाना एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. तिथून निवृत्त होताना त्यांनी एक वाक्य घरी आणलं. "चालतं सगळंच. थांबतं का ते बोल." मी मिक्सर आणला, तर हेच. गणपतीला कीर्तनकार ठरवायचा, तरी हेच. माझ्या नणंदेला स्थळ आलं, मुलगा बोलका आहे हो, असं मी कौतुकानं सांगायला गेले, तर नाना म्हणाले, "बोलतो ते ठीक. थांबतो का?" लग्न झाल्यावर कळलं, नाही थांबत.

गाड्या बघायला जाताना ते माझ्या मुलीला, स्वराला बरोबर न्यायचे, ईराच्याच वयाची म्हणून. एकदा मीही गेले. दुकानदार गाडीचा वेग सांगायला लागला, तेवढ्यात नानांनी ती कोरी करकरीत गाडी सरळ फरशीवर आडवी केली. दुकानदाराचा जीव खालीवर. नानांचं म्हणणं असं, की पोर पडणार म्हणजे गाडीही पडणार, आणि पडलेली गाडी पोराला एकट्यानं उचलता आली पाहिजे. स्वरानं दात-ओठ खाऊन ओढली, गाडी ढिम्म. नापास. पुढची उंच म्हणून नापास, त्यापुढची आवाज फार करते, पोर दचकेल, म्हणून नापास. उपवर मुलाची आईसुद्धा इतकी स्थळं मोडत नाही. शेवटी शेवटी नाशिकच्या द्वारका चौकापासून सिन्नरपर्यंतचे दुकानदार नानांना लांबून बघितलं की जेवायला जायला लागले. आणि स्वरानं घरी मोटरसायकलचा हट्ट धरला तो निराळाच.

मी हसायचे, पण खरं सांगते, मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं. आपण पोरांना वस्तू घेतो ती रंग बघून नाहीतर शेजाऱ्यांच्या पोराकडं आहे म्हणून. नाना मात्र पोर पडेल तेव्हा काय होईल, याचा विचार आधी करत होते.

एकदा न राहवून मी म्हटलं, अहो नाना, गाडीच्या उंचीसाठी हा विटांचा खेळ कशाला? संदीपला फोन लावा, ईराच्या पायाची लांबी विचारा, मिटलं. नानांनी हातातली वीट खाली ठेवली.

"व्हिडिओवर नुसतं तोंड दिसतं, ताई. दात पडला ते कळतं, केस कापले ते कळतं. ती केवढी झाली ते मला ठावं नाय. आजोबानं नातीची उंची फोनवर विचारायची, हे मला जमंना."

मला फार वाईट वाटलं.

ईरा आली. चांगली उंच निघाली, पण भारी लाजाळू. नानांना लांबूनच हॅलो म्हणाली आणि आईच्या मागं लपली. विटांच्या घोड्याकडं तर ढुंकूनही बघेना. नानांनी आग्रह केला नाही. दुकानात येतेस का, घ्यायची नाही, नुसती बघायची, एवढंच विचारलं. त्याला मात्र ती तयार झाली.

मग दोघं रोज नानांच्या जुन्या मोटरसायकलवरून निघायचे, पोरीच्या डोक्यावर नवं हेल्मेट. संध्याकाळी परत यायचे ते अमुक गाडी नापास, तमुक गाडी नापास, असं सांगत. पहिल्यांदा निघाली तेव्हा ईरा मागची दांडी घट्ट धरून बसली होती. पुढं ती नानांचा शर्ट धरायला लागली, आणि मग नानांनाच.

इकडं सुट्टी सरत आली. मळ्यातला रस्ता कोराच. संदीप वैतागला. मला म्हणाला, तुम्ही बरोबर जा आणि एकदाची घ्यायला लावा, पोरगी एक चक्कर तरी मारू दे.

मी गेले. सिन्नरच्या दुकानात ईरा एका निळ्या गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, गुडघे हवे तेवढेच वाकले. खाली उतरून तिनं गाडी आपणहून आडवी केली आणि एकटीनं उचलून उभी केली. मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात दुकानदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, ही गाडी या दोघांनी पहिल्याच दिवशी बघितली होती. तेव्हाही पोरगी अश्शीच बसली होती."

मी नानांकडं बघितलं. नाना गाडीभोवती फिरत होते. चाक बघितलं, साखळी बघितली, सीटखाली वाकून बघितलं. थंडीच्या दिवसांत माणूस घामाघूम झाला होता, पण खोट काही सापडेना.

"ब्रेक जरा कडक वाटतो," शेवटी ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "उद्या मालेगावला बघून येऊ."

"हो आजोबा," ईरा म्हणाली. "खूपच कडक आहे."

ब्रेकला तिनं अजून हातसुद्धा लावला नव्हता. तिच्या एका हातात अर्धा खाल्लेला पेरू होता आणि दुसऱ्या हातात नानांचं बोट. मी बाहेर येऊन संदीपला फोन लावला आणि सांगितलं, नाही रे जमली, ब्रेक फारच कडक आहे.