दीडशे भाकरी आणि एक लाल चौकोन

नागनाथरावांनी शनिवारची रजा टाकली ती निव्वळ बायकोच्या प्रेमापोटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही.

नागनाथराव म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. माणूस सरळ, पानसुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्यांच्या बायकोचा, मुक्ताबाईचा, कडक भाकरीत हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. पापडासारखी पातळ, मोडली तर कट्‌कन आवाज येणार आणि महिनाभर डब्यात ठेवली तरी तशीच. यंदा पहिल्यांदाच तिच्या बचत गटाला पुण्याच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला होता. पहिल्या दिवसासाठी दीडशे भाकरी जायच्या होत्या. माल न्यायला गौसचा टेम्पो संध्याकाळी पाच वाजता येणार होता. टेम्पो रिकामा गेला तर स्टॉल मोहोळच्या गटाला. मोहोळच्या बायका आदल्या दिवसापासून फोन करून विचारत होत्या, "मुक्ताताई, जमतंय न्हवं? न्हाय जमलं तर आमी हाय की!" इतकी काळजी सख्ख्या बहिणीनं केली नसती.

नेमकं त्याच आठवड्यात कंपनीनं नागनाथरावांना दोन दिवसांच्या ट्रेनिंगला बसवलं. विषय होता ऑपरेशन्स मॅनेजमेंट. फाईल मिळाली, पेन मिळालं, फोटो लावलेलं सर्टिफिकेट मिळालं. (पासपोर्ट फोटो दोन मागितले होते, लागला एकच. उरलेला शर्टाच्या खिशात राहिला. तो लक्षात ठेवा.) पहिल्या दिवशी नागनाथरावांनी अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणात शेंगाच्या पोळ्या होत्या, त्यावर तुपाची धार होती, त्यामुळे दुपारचं सत्र त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

शुक्रवारी घरी आले ते वेगळेच नागनाथराव होते. चहा पिता पिता त्यांनी स्वयंपाकघराकडं असं बघितलं, जसं डॉक्टर पेशंटच्या जिभेकडं बघतो.

"मुक्ता, तुझं काम चांगलं आहे. पण प्रोसेस नाही."

"काय न्हाय?"

"प्रोसेस. उद्या मी रजा टाकलीय. मी लाइन बसवून देतो."

मुक्ताबाईनं चहाचा कप उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाली, "आलेच मी गुलनाजकडनं," आणि चप्पल पायात सरकवून समोरच्या घरात गेली. येताना रिकाम्या हातानंच आली. जाताना मात्र रिकाम्या हातानं गेली नव्हती. पण नागनाथराव तेव्हा कार्डशीट कापत होते.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तक्ता लागला. त्यात चौकोन आणि बाण. पीठ, मळणे, थापणे, भाजणे, कडक करणे. शेवटी लाल पेनानं आखलेला एक रिकामा चौकोन.

हाताखाली होती बजाबाई. मुक्ताबाईच्या माहेरची, नात्यानं मावशी, त्यामुळे ती नागनाथरावांना जावईबापू म्हणते. जावईबापू म्हणून माणसाला किती टोचता येतं, हे तिच्याकडूनच शिकावं.

"जावईबापू, हे तांबडं घर कुनाचं? रिकामंच दिसतंय."

"मावशी, तिथं बॉटलनेक लिहायचा. म्हणजे अख्खं काम जिथं तुंबतं ती जागा. दिवसभर निरीक्षण करून मी ती शोधणार."

"शोधा की," बजाबाई म्हणाली, "पर जरा सरका. आधनाचं पातेलं आत न्यायचंय."

कारण नागनाथराव मोबाइलवर स्टॉपवॉच लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तिथून सगळं दिसतं. दार दोन फुटी आणि नागनाथराव, शेंगापोळ्या धरून, पावणेदोन फुटी.

आता या बायकांची नेहमीची रीत सांगते. दोघींच्या दोन शेगड्या, दोन तवे. जिची तिची काठवट. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, आधणाच्या पाण्यात मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं. ती भाजेपर्यंत दुसरी थापून तयार. हाताची आणि तव्याची अशी जोडी जमलेली की दोन मिनिटाला प्रत्येकीची एक भाकरी उतरणार. मग ती निखाऱ्याच्या कडेला उभी करून कडक करायची. दहाला बसल्या की या हिशेबानं साडेबाराला दीडशेचा विषय संपला असता.

नागनाथरावांनी पाच मिनिटं निरीक्षण केलं आणि कपाळाला हात लावला.

"दोघीही मळताय, दोघीही थापताय, दोघीही भाजताय! हे डुप्लिकेशन झालं. मावशी, तुम्ही फक्त थापायचं. मुक्ता, तू फक्त भाजायचं. एक शेगडी विझवा. आणि पीठ दरवेळी थोडं थोडं काय मळता? एकदाच मळून टाकायचं. वेळ वाचतो."

"सगळं? बारा किलो?" मुक्ताबाईनं विचारलं.

"बॅच म्हणतात त्याला."

"अहो, ज्वारीचं पीठ हाय ते. मळून ठिवलं की त्याची विरी जाती, चिकटपणा ऱ्हात न्हाय. मग भाकरी चिरती."

"कुठल्या पुस्तकात आहे?"

मुक्ताबाईनं परात पुढं ओढली. बजाबाईनं तोंडाला पदर लावला. बारा किलो पीठ परातीत, पातेल्यात, शेवटी धुणं भिजवायच्या नव्या टबात मळलं गेलं आणि लाइन सुरू झाली.

पहिल्या वीस भाकऱ्या फक्कड झाल्या. नागनाथरावांनी तक्त्यावर वीसचा आकडा घालून खाली रेघ ओढली. पण बजाबाईचा हात तव्यापेक्षा जलद. इकडं एक भाजायच्या आत तिकडं दोन थापलेल्या. ती हात झाडून बसली तर नागनाथराव दारातून ओरडले, "मावशी, बसायचं नाही! कामगार रिकामा बसला की नुकसान."

"आवो, थापलेल्या ठिवू कुटं? तुमच्या टकुऱ्यावर?"

नागनाथरावांकडं उत्तर होतं. कपाटातली कोरी सोलापुरी चादर त्यांनी बाहेरच्या खोलीत अंथरली आणि थापलेल्या भाकऱ्या तिच्यावर मांडायला लावल्या. दर भाकरीला बजाबाई दारातून बाहेर, मुक्ताबाई दारातून आत, आणि दोघींच्या मधे स्टॉपवॉच.

"सरका, जावईबापू."

"अहो, सरका की."

अकरा वाजता चादरीवर चाळीस भाकऱ्या होत्या आणि एकही उचलत नव्हती. उचलावी तर अर्धी हातात, अर्धी चादरीवर. जी अख्खी निघाली तिच्या पाठीवर चादरीतला मोर उमटलेला, पिसाऱ्यासकट, वर चादरीची लव. मुक्ताबाईनं ती तव्यावर टाकली. खरपूस वासाच्या जागी घोंगडं जळल्याचा वास सुटला.

"पुन्याची मान्सं खुश व्हतील," बजाबाई म्हणाली, "भाकरी खायाची आन् पांघरायची बी."

आणि टबातलं पीठ? त्याची विरी केव्हाच गेली होती. थापायला घेतलं की भेगाळलेल्या रानासारखी भाकरी चहूकडून फाटत होती. बारा वाजता तक्त्यावर आकडा होता वीस. साडेबाराला सुद्धा वीसच. तेवढ्यात फोन वाजला. मोहोळहून.

"मुक्ताताई, जमतंय न्हवं?"

मुक्ताबाईनं फोनवर तळहात ठेवला. वर्षभर तिनं या स्टॉलसाठी अर्ज केले होते, तीनदा पुण्याला हेलपाटे घातले होते. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं ते नागनाथरावांना दिसलं. सगळं ट्रेनिंग त्या पाण्यात वाहून गेलं. हातातला मोबाइल खाली आला.

"मुक्ता," ते हळूच म्हणाले, "मी गिरणीवर पळतो. ज्वारी दळून आणतो."

"गिरन शनवारी बंद असती." तिनं डोळे पुसले, फोनमध्ये म्हणाली, "जमतंय, जमतंय. ठिवते," आणि खिडकीतून हाक मारली, "गुलनाऽऽज! आण गं तो डबा!"

समोरच्या घरातून गुलनाज आली. डोक्यावर पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, काखेत स्वतःचा तवा.

"भाभी, मी सकाळपास्नं वाटच बघायली की! म्हटलं अजून हाक कशी आली न्हाई?"

नागनाथरावांनी पिठानं माखलेल्या डब्याकडं बोट केलं. "हे पीठ कुठलं?"

"जादा दळलं व्हतं, ते काल हिच्याकडं ठिवलं. तुमाला कार्डशीट आणताना बघितलं तवाच."

"पण मुक्ता, जादा माल साठवणं म्हणजे..." त्यांनी सवयीनं फाईल उघडली. दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या पानावर छापलं होतं, 'सेफ्टी स्टॉक: ऐन वेळी घोटाळा झाल्यास कामी यावा म्हणून ठेवलेला राखीव साठा'. त्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात काहीच लिहिलं नव्हतं. फक्त तुपाचा एक डाग होता.

"भाईजान, जरा बाजूला व्हा की," गुलनाज दारातून म्हणाली. नागनाथरावांनी फाईल मिटली आणि या खेपेला पार रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मग शेगड्या तीन पेटल्या, तवे तीन चढले. जिचं तिनं मळायचं, जिचं तिनं भाजायचं. थाप थाप थाप असा आवाज सुरू झाला की गल्लीला वाटावं हलगीच वाजतेय. मधे कुणी उभं नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाला सरका म्हणालं नाही. अडीचच्या आत आकडा दीडशेला टेकला. साडेचारपर्यंत सगळ्या भाकऱ्या कडक होऊन कागदात बांधल्या गेल्या. गौस पाचला आला, तेव्हा खोकी उंबऱ्यावर तयार.

"काकी, टाइमावर माल? आपल्या सोलापुरात?" गौसचा विश्वास बसेना.

"तुझ्या काकांनी ट्रेनिंग केलंय की," मुक्ताबाई म्हणाली. चारचौघांत नवऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, ही तिची रीत. नागनाथरावांनी तेवढ्यावर छाती फुगवली आणि स्वतः खोकी चढवून दिली.

टबातलं पीठ कोपऱ्यावरच्या मल्लप्पाच्या म्हशींनी खाल्लं. मोराची चादर अजून वाळत आहे.

रविवारी रात्री पुण्याहून फोन आला. माल दुपारीच संपला, पुढच्या शनिवारी तीनशे पाठवा. नागनाथराव ताठ बसले. "मुक्ता, मी परत रजा..."

"रजा नगं," मुक्ताबाई मायेनं म्हणाली. "शनवारी कंपनीत ओवरटाइम मिळतो का, तेवढं इचारून या."

ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तक्ता भिंतीवर होता तसाच होता. फक्त तो लाल चौकोन आता रिकामा नव्हता. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशातला पासपोर्ट फोटो त्यात बरोब्बर मधोमध बसवला होता, टबातल्याच पिठानं.

नागनाथरावांनी नखानं खरवडून बघितलं. उलथन्यानं बघितलं. ज्या पिठाला पहिल्या विसांनंतर एक भाकरी धरवली नव्हती, त्यानं फोटो काही सोडला नाही.