नानांची काळी बाटली

नाना चहा पीत नसत, चहाची परीक्षा घेत. नागावच्या नाक्यावरच्या हॉटेलात पहिला घोट तोंडात धरून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट वर करायचे. बोट वर असेपर्यंत आजूबाजूच्यांनी गप्प बसायचं, असा दंडकच होता. हॉटेलवाला वैतागून म्हणायचा, "नाना, चहा हाय तो, समुद्रमंथन न्हाय!" नाना डोळे न उघडता म्हणायचे, "घाई न्हाय करायची. शेवट यायचाय अजून."

मी तेव्हा नागावच्या शाळेत मास्तर होतो आणि नानांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. नानांची उभी हयात मुंबईला गोदीत, आगबोटींना माल पुरवणाऱ्या कोठारात गेली होती. तिथं त्यांची स्टाउट नावाच्या काळ्याकुट्ट, जहाल विलायती बिअरशी गाठ पडली. तेव्हापासून जगातला प्रत्येक पातळ पदार्थ त्यांनी त्या बिअरशेजारी उभा करून पाहिला, आणि बहुतेक सगळे नापास केले. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी कढीचा भुरका मारून बोट वर केलं. मुलीचा बाप हातातली पळी तशीच धरून समोर उभा. शेवटी नाना म्हणाले, "सुरवात चांगली हाय. पण हिला शेवट न्हाय." त्या घरानं नानांना पुढं बारशाचं बोलावणं केलं नाही.

मग स्टाउटचा शेवट कसा असतो, असं कुणी विचारायचा अवकाश, नाना मांडी ठोकून बसायचे.

"आधी फेस. ताकावर लोणी येतं तसा, घट्ट. मग करपलेल्या भाकरीचा कडूपणा. मग चुलीत करवंटी घातल्यावर येतो तो वास, नाकातनं वर चढतो. मग भाजलेली नाचणी. इथं लोक फसतात, मास्तर. कडू म्हणून वाटी खाली ठेवतात. थांबायचं. गिळल्यावर, अगदी शेवटाला, टोपाच्या बुडाला राहिलेली काकवी!"

'काकवी' म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. मी तर दारूबंदी सप्ताहात मुलांची प्रभातफेरी काढणारा माणूस, पण ऐकताना माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं आणि नंतर माझी मलाच लाज वाटायची.

दारूबंदी येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. गावानं नानांना पट्टीचा पिणारा ठरवून टाकलं होतं. ही कीर्ती ऐकून एकदा अलिबागहून एक पोलीस झडतीला आला. नानांनी त्याला झोपाळ्यावर बसवलं आणि फेसापासून सुरुवात केली. करवंटीच्या वासापर्यंत येता येता त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. काकवीशी तो आवंढा गिळून उठला, भाताच्या कणगीवर हात ठेवून "इथं काय नसेल" असं स्वतःशीच म्हणाला आणि गेला. पुढं कधी रविवारी सायकल वळवून तो नुसता ऐकायला यायचा.

कणगीत बाटली होती. हे मला फार उशिरा कळलं. आणखीही एक गोष्ट मला उशिराच सुचली, आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांत बारीकसारीक चुका काढणाऱ्या मास्तरला ती आधी सुचायला हवी होती. नानांच्या त्या सगळ्या वर्णनात पिणाऱ्या माणसाचं असं काहीच नव्हतं. ना गुत्ता, ना सोबती, ना नशा. सगळं चुलीपाशी बसणाऱ्या बाईचं होतं.

नानांची एकुलती मुलगी चंद्रा उरणला दिली होती. जावई पोलिसात हवालदार. नानांना आता दिसेनासं झालं होतं, पाय लटपटत होते, म्हणून चंद्रानं त्यांना कायमचं उरणला न्यायचं ठरवलं. ती यायच्या आदल्या दिवशी दुपारी नानांनी मला हाक मारली. कणगीपाशी भात सांडलेला होता आणि त्यांच्या मांडीवर एक काळी बाटली होती. लेबल झिजून पांढरं पडलेलं.

"हवालदाराच्या घरात ही कशी न्यायची?" नाना म्हणाले. "फोडायलाच हवी. पण मला भ्या वाटतंय, मास्तर."

"भीती? तुम्हाला? एवढे पट्टीचे..."

"मी थेंबबी घेतलेला न्हाय कधी."

मी खालीच बसलो.

चंद्राच्या वेळच्या बाळंतपणात नानांची बायको अंगानं पार वाळून गेली होती. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, हिला रोज थोडी काळी बिअर पाजा, रक्त भरेल. तेव्हा डॉक्टर असं सांगत. नाना रजा काढून कोठारातल्या डझनभर बाटल्या घेऊन आले. औषध तिचं, त्यातला घोट आपण घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. रोज संध्याकाळी तिनं काशाच्या वाटीतून प्यायचं आणि नानांनी समोर बसून बघायचं.

"ती म्हणायची, 'तुमाला न्हाय देता येत, तर तोंडानं तरी वाटा देते.' आन् सांगत बसायची. भाकरी, करवंटी, नाचणी... मी घाई केली की बोट वर करायची. 'थांबा. शेवट यायचाय अजून.' अकरा बाटल्या झाल्या. बारावी राहिली, आन् ती गेली."

बाहेर वाडीत रहाटाचा आवाज येत होता. नाना बाटलीवरून हात फिरवत राहिले.

"एकच इचारायचंय मला. काकवी खरंच हाय का शेवटाला? का मला बरं वाटावं म्हणून म्हणायची ती? वीस वर्षं घेऊन बसलोय, फोडायचा धीर न्हाय. कडू निघाली तर मग मी गावाला काय सांगत होतो? तुमी घ्या आधी, मास्तर. तुमी खरं सांगाल."

मी विळीच्या टोकानं झाकण उचललं. आवाज झाला नाही, फेस आला नाही. काशाच्या वाटीत काळं, गढूळ काहीतरी पडलं. आयुष्यातला माझा पहिला घोट तो. कडू, आंबट, कुजकट. मी गिळला आणि नानांनी बोट वर केलं. मी थांबलो. खरंच थांबलो. मनापासून वाट पाहिली. काहीच आलं नाही.

नाना तोंड पुढं करून, अंधूक डोळ्यांनी माझ्याकडं बघत होते. इतक्या जवळून त्यांनी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

"गोड आहे, नाना," मी म्हणालो. "शेवटी. काकवीसारखी."

नानांनी बोट हळूहळू खाली घेतलं.

"असंच तोंड करायची ती," ते म्हणाले. "अगदी असंच. अकराच्या अकरा बाटल्या. आन् मग म्हणायची, गोड हाय."

मला रडू आवरेना. नानांनी माझ्या हातातली वाटी घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन टाकलं. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. डोळे मिटून ते थांबून राहिले.

"कशी आहे, नाना?"

"गोड हाय," ते म्हणाले.