व्याह्यांशी हरायचं होतं

वेणीमाधव गर्ग्यांनी होणाऱ्या व्याह्यांना नुसतं 'हो' म्हटलं, आणि तिथंच त्यांचे ग्रह फिरले.

व्याही म्हणजे पंचवटीचे क्षेमकल्याणी, वेणीमाधवांच्या स्वानंदीचे होणारे सासरे. माणूस भला, पण रुसण्यात पटाईत. साखरपुड्याला मठ्ठा उशिरा आला तर आइस्क्रीम येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. त्यांनीच फोन केला, "वेणीमाधवराव, मोबाईलवर ऑनलाइन गोल्फ खेळता का?" आता नाही कसं म्हणणार? (वेणीमाधव रोज सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जात, पण ते नाव नुसतं नावापुरतं; तिथं गोल्फ खेळणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.)

खेळ तसा सोपा. हिरवळीवर ठिपके वाहताना दिसतात, ते पळतील तिकडे उतार. तो हेरून चेंडू अलगद भोकात घालायचा.

"उताराचं मला काय सांगतात!" वेणीमाधव घरात फुशारले. "उभी हयात पाटबंधारे खात्यात पाटांना उतार देण्यात गेली."

"म्हणूनच आपल्या गच्चीचं पाणी जिन्यात येतं," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि ऐका, हरायचं. वरपक्षाचा मान असतो. लग्न तोंडावर आलंय, पुन्हा रुसवेफुगवे नकोत मला."

बजावायची काही गरजच नव्हती. वेणीमाधव रोज जीव तोडून खेळत आणि रोज हरत. (एकदा तरी जिंकावं असं मनात होतंच, बायकोला कशाला सांगा!) त्यांना उतार डावीकडे वाटला की मेला चेंडू हमखास उजवीकडे पळे. "अरे थांब, थांब, गाढवा!" असं ते मोबाईलवर खेकसत, तोवर तो तळ्यात गेलेला असे.

रविवारी मात्र आक्रीत घडलं. शेवटच्या भोकापाशी दोघं बरोबरीत. व्याह्यांचा चेंडू भोकापासून वीतभर, आणि त्यांनी तो चक्क चुकवला! आता वेणीमाधवांचा चेंडू आत गेला, की व्याही हरले.

श्यामलाबाई मिसळीचा रस्सा गॅसवर तसाच टाकून धावल्या. "चुकवा! अहो, चुकवा!"

"चुकवतोच आहे! ओरडू नकोस, हात हलतो!"

उतार उजवीकडे वाटत होता, म्हणजे नेम डावीकडे धरायला हवा. वेणीमाधवांनी मुद्दाम उजवीकडे धरला. चेंडू निघाला, वळला, भोकाच्या काठावर घुटमळला आणि टुपकन आत पडला. पडद्यावर फटाके उडाले.

"बाबा! तुम्हाला साधं हरताही येत नाही?" स्वानंदी रडकुंडीला आली.

"मी मुद्दाम उलटा मारला गं!"

"तुमचा अंदाज कायम चुकतो," श्यामलाबाईंनी कपाळावर हात मारला. "मग उलटा मारल्यावर बरोबरच जाणार ना! आता निस्तरा. गेलं लग्न गोदावरीत!"

इतक्यात व्याह्यांचाच फोन वाजला. श्यामलाबाईंनी झडप घालून स्पीकर लावला. वेणीमाधव फोनवर ओणवले.

"माफ करा हो, चुकून गेला..."

"माफी कसली? सुटलो एकदाचा!" पलीकडून आवाज आला. "त्या मठ्ठ्यावरून मी रुसलो म्हणून आमची ही भयंकर चिडलीय. म्हणाली, सुनेच्या वडिलांना एक डाव जिंकू द्याल तेव्हाच घरात चहा मिळेल. तेव्हापासून रोज टपरीवर चहा पितोय आणि हरायचा प्रयत्न करतोय. पण वेणीमाधवराव, रागावू नका, आपल्याला हरायचं असलं तरी समोरच्याला थोडं तरी खेळता यायला नको का?"