तिला धक्का लागायला नको

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या प्रल्हाद पाईकराव यांनी मला फसवलं. एक अक्षरही खोटं न बोलता फसवलं, याचा राग जास्त आहे. भंगाराच्या हातगाडीपासून सुरुवात करून मी छावणीजवळ ट्रॉल्यांचं वर्कशॉप उभं केलं. माझ्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याच्या तोऱ्यात परत गेल्याचं मला आठवत नाही. आणि हा सत्तरीचा, बगळ्यासारखा बारीक माणूस एका शब्दावर मला महिनाभर फिरवत राहिला.

तो ट्रॉली कशी निवडतो, ते आधी सांगतो. लोक चाकं बघतात, टायरला लाथ मारतात, नखानं गंज खरवडतात. पाईकराव साहेबांनी चपला काढल्या, चष्मा खिशात ठेवला, ट्रॉलीवर चढले आणि उताणे पडले. हात छातीवर घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ओढा."

"काय ओढा?"

"ट्रॉली ओढा, रंगनाथशेठ. त्या नाल्यापर्यंत न्या आणि परत आणा. खड्डे चुकवू नका."

आमच्या रस्त्यावर खड्डे चुकवायचे म्हटले तरी चुकत नाहीत. माझे जुने वेल्डर रफिक मिस्त्री यांनी दांडा धरला आणि निघाले. रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. पंक्चरवाल्यानं टोपी काढून हात जोडले. त्याला वाटलं, कुणीतरी गेलं. परत आल्यावर साहेब डोळे न उघडताच म्हणाले, "माकडहाडाला लागतं. दुसरी दाखवा."

दुसरी पाण्याची टाकी वाहायची होती. ती उंच, त्यामुळे साहेबांना चढवायला स्टूल लागलं. "उंची छत्तीस इंच. नको," असं त्यांनी स्टुलावरूनच सांगितलं. तिसरी एका मंडपवाल्याची जनरेटर वाहायची जुनी ट्रॉली होती. दोन चाकी, बुटकी. तिच्यावर ते इतका वेळ पडून राहिले की मला वाटलं, झोप लागली.

"ही चालेल," ते उठून म्हणाले. "बदल करावे लागतील."

या माणसाला मी आधीपासून ओळखत होतो. बारा वर्षांपूर्वी माझं भंगाराचं दुकान होतं, तेव्हा यांनी भर बाजारात माझा काटा जप्त केला होता. चाळीस ग्रॅमचा फरक. मी म्हटलं होतं, "साहेब, थोडंसं इकडं-तिकडं होणारच." त्यावर चारचौघांत मला म्हणाले होते, "थोडंसं म्हणजे किती? मापात बोला."

"मापात बोला" हे त्यांचं कायमचं वाक्य. निवृत्त झाले तरी शर्टाच्या खिशात स्प्रिंगचा छोटा काटा असतोच. छावणीच्या बाजारात ते शिरले की भाजीवाल्या आपणहून एक टमाटा जास्त टाकतात. साहेब तो काढून परत देतात. जास्तीचं मापही त्यांना चालत नाही. डॉक्टरांनी एकदा "रोज थोडं चालत जा" असं सांगितलं, तर हे कागद पुढं करून म्हणाले, किती ते लिहून द्या.

अशा माणसानं होडी घेतली होती. पूरबचावाच्या जुन्या सामानाच्या लिलावातली, हवा भरायची, नारिंगी रबराची. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं यानं गच्चीवर होडी ठेवली. कुठं गळते का ते बघायला, नळाला पाणी आलं त्या दिवशी ती आतून भरून ठेवली, तर शेजारच्या बायका हंडे घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. आमच्याकडं होडीचा दुसरा काही उपयोग असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. साहेबांनी सगळ्यांना समान माप लावून दोन-दोन हंडे दिले.

आता मुद्द्याचं. त्यांची मागणी एकच होती. नाथसागर जलाशयाच्या काठाला गाडी लांबच थांबते. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की मध्ये दोन-तीनशे पावलं तडकलेला गाळ आणि गोटे. एवढं अंतर ट्रॉली हातानं ओढत न्यायची, चाकांसकट पाण्यात घालायची, म्हणजे होडी आपोआप तरंगून सुटते. "तेवढ्यात तिला धक्का लागायला नको," साहेब म्हणाले.

मी विचारलं, "वजन किती तिचं?"

"बेचाळीस किलो आठशे."

होडीला हे वजन बरोबर बसतं. मी लिहून घेतलं. "उभी करून नेता येईल का? कडेला टेकवून?"

"नाही. तिला आडवीच न्यावी लागते. आणि ऊन सोसत नाही."

रबराला ऊन सोसत नाहीच. "बूड कसं आहे?"

साहेब जरा थांबले. "पाठ सोलली गेलीय. तिथं खालून कडक काही लागता कामा नये."

"लई जुनी दिसतीय."

"असू द्या. चव्वेचाळीस वर्षं मीच सांभाळतोय."

मला वाटलं, चार म्हणायचं असेल, वयानुसार जीभ घसरली. मापात बोलणारा माणूस चाळीस वर्षांनी घसरत नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

बदलांची त्यांची यादी मात्र पक्की होती. दांडा सहा फूट लांब करा, म्हणजे ओढणाऱ्याला कोरड्यात राहून चाकं पाण्यात घालता येतील. चाकं रुंद, गाळात न रुतणारी. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून, वर टोपण. पत्र्याचं बूड काढा आणि त्या जागी नवार विणा.

"नवार?" मी म्हणालो. "ट्रॉली करायचीय का बाज?"

"पाणी निथळून जातं आणि पाठीला मऊ लागतं."

रफिक मिस्त्री खाली बसून ऐकत होते. म्हणाले, "साब, मैं बुनके देता. हमारे घर में सब खाटां मैंच बुना."

साहेब आठ दिवसांनी नवार बघायला आले, तेव्हा म्हणाले, "वजनात बदल आहे. एकेचाळीस दोनशे धरा."

मी हसलो. "हवा गेली असेल, साहेब."

ते गेल्यावर रफिक मिस्त्री म्हणाले, "शेठ, हवा निकली तो इत्ता वजन नहीं घटता."

"तुम्ही नवार विणा," मी म्हणालो.

शेवटचं भांडण पाट्यांवरून झालं. ट्रॉलीच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची स्प्रिंग असते, एकावर एक रचलेले पाटे. जनरेटर जड, म्हणून तिला दोन्हीकडं पाच-पाच होते. हलक्या मालाला तेवढे असले की ट्रॉली दणके देते. साहेबांनी बोटांवर मोजून सांगितलं, तीन काढा, दोन ठेवा.

मला माहीत होतं, त्यांचं बरोबर आहे. पण बारा वर्षांपूर्वीचा बाजार डोळ्यांपुढं आला. मी आवाज चढवला. "मी ट्रॉल्या बनवतो का तुम्ही? होडीला काय पाठ दुखते का?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. वाद घालत नाहीत म्हणजे हरले, असा मी अर्थ काढला. मी एकच पाटा काढला, चार ठेवले आणि वरून काळा रंग असा जाड थापला की पाटे वेगळे मोजता येऊ नयेत. मनात म्हटलं, हे तुमच्या चाळीस ग्रॅमचं उत्तर. ट्रॉली न्यायला आले तेव्हा साहेब खाली वाकले, चाकाजवळ जरा वेळ बसले, उठले आणि "चांगली झाली" म्हणाले. आणि मला आनंद झाला!

पंधरा दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. दोन खेपा झाल्या, तिसऱ्या खेपेला चाक जाम झालं, काठावर अडकलोय, मिस्त्रींना पाठवाल का. मी स्वतः निघालो, रफिक मिस्त्रींना घेऊन. खरं सांगायचं तर मजा बघायला निघालो.

लांबून दिसलं ते असं. भाड्याची जीप वर रस्त्यावर. गाळाच्या मधोमध आमची ट्रॉली, तिच्यावर नारिंगी होडी, होडीला बांधलेली काळी छत्री. जीपवाला दांडा धरून उभा. साहेब होडीशेजारी कमरेत वाकलेले, आणि त्यांचा एक हात कोपरापर्यंत होडीत. मला वाटलं, होडी फाटली, हातानं दाबून धरलीय.

जवळ गेलो. होडीत गोधडीवर एक बाई आडवी होती. केस पांढरे, अंग काडीसारखं, एक बाजू गेलेली. साहेबांचा हात तिच्या पाठीखाली होता, धक्का बसला तर आधी हाताला बसावा म्हणून. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता.

मी विचारलं, "होडीत कोण आहे?"

"ती," साहेब म्हणाले. "सांगितलं होतं ना."

मी रफिक मिस्त्रींकडं पाहिलं. ते खाली बघत होते. मला तेवढ्यात कळलं की त्यांना नवार विणतानाच कळलं होतं.

बाईच माझ्याशी बोलल्या. शब्द अर्धे तोंडात राहत होते, पण समजत होतं. "ट्रॉलीवाले शेठ व्हय तुम्ही? लई नाव काढतेत हे तुमचं. नवार झकास हाय." मग म्हणाल्या, "पाठीला तेवढं लागतंय. तुमची चूक नाय. वाटच तसली."

मला माझ्या दुकानात, माझ्या बाजारात हजार लोकांनी शिव्या दिल्यात. त्यांतली एकही इतकी लागली नाही.

कौसल्यावहिनी म्हणजे साहेबांच्या मंडळी. त्यांचं माहेर तिथलंच, काठावरचं गाव. पाण्यातच वाढल्या. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून चार वर्षं पलंगावर, छावणीतल्या खोलीत. एवढंच मागत होत्या की पाण्यावर एकदा पडून राहायचंय. हे मला जीपवाल्यानं सांगितलं. साहेब चाकाशी खटपट करत होते.

मी म्हणालो, "वहिनी, आम्ही चौघं आहोत. होडीसकट उचलून पाण्यात नेतो. चाक राहू द्या."

त्या तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. "चौघांनी उचलून एकदाच न्यायचं आस्तंय, शेठ. आज नको."

मग ट्रॉली तिरपी करून, दोरीला धरून होडी तिथंच अलगद खाली सरकवली, आणि मी ट्रॉलीखाली शिरलो. माझ्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. रफिक मिस्त्री म्हणाले, "शेठ, मैं करता." मी त्यांच्यावर ओरडलो. बेअरिंगमध्ये गाळ गेला होता, तो साफ केला. मग कुणी न सांगता पाटे खोलले आणि दोन्हीकडचे दोन-दोन काढले. रंग जाड बसला होता, नट फिरेनात. बोटं सोलून निघाली. साहेब वरून बघत होते. किती काढले, हे त्यांनी विचारलं नाही.

होडी तशीच परत वर सरकवली आणि आम्ही ट्रॉली ओढली. या वेळी साहेबांनी हात बाहेर ठेवला. चाकं पाण्यात गेली, नवार भिजली, आणि होडी कुणी ढकलली नाही, ओढली नाही, तशीच वर उचलली गेली. साहेब छातीएवढ्या पाण्यात दोरी धरून उभे राहिले. वहिनींनी चालता हात बाहेर सोडला. बोटांनी पाणी ढवळलं.

"किती खोल हाय हो इथं?" त्यांनी विचारलं.

साहेबांचा सदरा भिजला होता, खिशातला काटाही. "लई," ते म्हणाले.

"लई म्हंजे किती?" वहिनी म्हणाल्या. "मापात बोला."

ते दोरी हातात धरून पाण्याकडं बघत राहिले. मी तोंड फिरवलं आणि उगाच जीपवाल्यावर खेकसलो, गाडी उन्हात का लावली म्हणून.

त्यानंतर त्यांच्या पाच खेपा झाल्या. दर वेळी मी आणि रफिक मिस्त्री बरोबर होतो. पावसाळा सरता सरता एका सकाळी साहेब वर्कशॉपच्या दारात आले. मागं भाड्याच्या जीपला ट्रॉली जोडलेली. धुतलेली, नवार वाळवून घट्ट केलेली.

"ती गेली," ते म्हणाले.

कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

चहा घेतला. मग मी विचारलं, ट्रॉली नेली त्या दिवशी पाटे मोजले होते का? "मोजले होते," ते म्हणाले. "चार होते." मग बोलला का नाहीत? त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "तुम्ही तरी कुठं विचारलं," म्हणाले, आणि उठून गेले.

हे उत्तर झालं का? मी विचारलं नाही, कबूल. पण चाळीस ग्रॅमसाठी भर बाजारात माझी अब्रू काढणारा माणूस दोन पाट्यांसाठी गप्प का बसला? मी तेव्हा ज्या तावात बोललो, त्यामुळं? का मला सांगून उपयोग नाही, असं माझं माप त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं? नुसतं "बायको" म्हणाले असते, तर त्याच दिवशी मी हातानं तीन पाटे काढून दिले असते. पहिल्या दोन खेपांना त्या बाईच्या पाठीला जे धक्के बसले, ते बसले नसते. ते धक्के मी दिले, हे मला माहीत आहे. देऊ कुणी दिले, ते मला ऐकायचंय.

ट्रॉली वर्कशॉपच्या दारात उभी आहे. विकायची नाही, रफिक मिस्त्री दुपारी तिच्यावर झोपतात. साहेब दर मंगळवारी येतात, माझा काटा तपासतात, बरोबर आहे म्हणतात, चहा पिऊन जातात. दर मंगळवारी मी हेच विचारतो आणि ते चष्मा पुसतात. म्हणून आता चारचौघांत, लिहून विचारतो. का सांगितलं नाही? "असंच" चालणार नाही, "राहू द्या" चालणार नाही.

मापात बोला, साहेब.