तिन्ही भीमराज वाढवे

साखऱ्याच्या विहारासमोर मांडवात एका वक्त्यासाठी एक खुर्ची, एक शाल आणि एक हार ठेवला होता. पाच वाजता वक्ते तीन आले. तिघांनीही आपलं नाव भीमराज वाढवे असंच सांगितलं, आणि तिघंही खरं बोलत होते.

पल्लवीला मटकन खाली बसावंसं वाटलं. पण खुर्ची एकच होती.

जयंतीची व्याख्यानमाला नऊ वर्षं किशनरावांकडे होती. नऊही वर्षं वक्ते त्यांचे मेव्हणे पुंजाजी. व्याख्यान तीन तासांचं. दुसऱ्या तासाला मांडवात किशनराव, माईकवाला आणि एक कुत्रं उरायचं, आणि माईकवाल्याला माईक सोडून जाता येत नव्हतं. यंदा पोरापोरींनी कार्यक्रम मागून घेतला. पल्लवी अध्यक्ष झाली. किशनरावांनी अट एकच घातली होती.

"आभार व्हायच्या आत एक जरी माणूस उठून गेला, तर पुढच्या साली पुंजाजी."

पल्लवीनं परभणीचे इतिहासाचे प्राध्यापक भीमराज वाढवे ठरवले. मोठे वक्ते येतो म्हणतात आणि येत नाहीत, हा गावाचा अनुभव. म्हणून पक्कं करायचं काम तिघांनी घेतलं: ती स्वतः, चुलतभाऊ प्रज्ञेश आणि आई रूपाबाई. नंबर ज्यानं त्यानं आपापल्या ओळखीतून काढला. तिन्हीकडून होकार आला, तेव्हा पल्लवी निवांत झोपली.

प्रज्ञेशनं लावलेला फोन वाशीमकडच्या गुरांच्या डॉक्टरांना गेला होता. चार तालुक्यांतल्या म्हशी त्यांना ओळखतात. रूपाबाईंचा फोन कनेरगाव नाक्याच्या नामांकित आचाऱ्याला. त्यांनी जयंतीला येता का म्हणून विचारलं. पलीकडून "किती माणसं?" असं आलं. "चारशे," रूपाबाई म्हणाल्या. "येतो." माणसं विचारून येणारा वक्ता म्हणजे मोठाच असणार, असं रूपाबाईंना वाटलं. हे वक्ते टेम्पोतून आले होते, चार मोठी पातेली घेऊन.

किशनराव पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. "पोरी," ते शांतपणे म्हणाले, "शाल तिघांत वाटायला कात्री आणू का?"

आलेल्या पाहुण्याला परत पाठवणं गावाच्या रीतीत बसत नाही. तिघंही बोलतील, असं पल्लवीनं जाहीर केलं. आचारी म्हणाले, मी शेवटी बोलतो, आधी चूल बघतो. ते विहारामागे गेले. तिथं बायका खीर करत होत्या.

प्राध्यापक उभे राहिले. विषय चवदार तळ्याचा सत्याग्रह. सातव्या मिनिटाला तिसऱ्या रांगेतून तांड्यावरचा सुदाम उठला. किशनरावांनी एक बोट वर केलं.

"म्या जाऊन नाही राहिलो," सुदाम म्हणाला. "विचारून राहिलो. डॉक्टरसायेब, म्हैस व्याली, पण वार पडली न्हाई अजून."

वाढवे डॉक्टर येणार, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. फ्लेक्सवर नावही तेच, म्हणून माईकसमोरचा माणूस त्यानं डॉक्टरच धरला. पल्लवीनं डोळे मिटले.

"व्याली कधी?" प्राध्यापकांनी विचारलं.

"दुपारी."

"मग ओढू नको. उद्या सकाळपर्यंत वाट बघ, पाणी भरपूर पाज. नाहीच पडली तर डॉक्टरला बोलाव, घरच्या कोणाला हात घालू देऊ नको."

चारशे माथी खऱ्या डॉक्टरांकडे वळली. त्यांचा जबडा खाली आला होता. "बराबर आहे," ते कसेबसे म्हणाले.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. चौदा वर्षं यांच्या म्हशींचे फोन आपल्याला येत आहेत, असं ते म्हणाले. आधी ते रागवायचे. पण समोरचा माणूस रडकुंडीला आलेला असतो, त्याला राँग नंबर कसं म्हणावं? शेवटी त्यांनी पशुवैद्यकाची पुस्तकं आणून वाचून काढली. पुढचा अर्धा तास मांडवानं त्यांना दुसरं काही बोलू दिलं नाही. तळं तसंच राहिलं.

मग डॉक्टर उठले. आता हे काय बोलणार, म्हणून पल्लवीनं मनातल्या मनात पुंजाजींना नमस्कार करून टाकला.

"सर माझं काम करून राहिले," डॉक्टर म्हणाले, "तं मी सरांचं करतो. मलाबी लोक चुकून भाषणाला नेतात. हार घातल्यावर न्हाई कसं म्हणायचं? अकरा गावं झाली. मग मीबी वाचलं."

आणि ते तळ्यावर आले.

"त्या तळ्यावर जनावर पाणी पिऊ शकत होतं. तहानलेली म्हैस पाण्याला तोंड लावते तेव्हा किती पिते, ते मला विचारा. मी बाजूला उभा राहून मोजलेलं आहे. तिला कोणी अडवत नव्हतं. माणसाला ओंजळभर न्हाई."

प्राध्यापकांनी खिशातून पेन काढलं आणि चवदार तळ्यावर वीस वर्षं बोलणारा तो माणूस मांडी घालून टिपणं घेऊ लागला. सुदाम उभाच होता. त्याला बसायचं सुचलं नव्हतं.

डॉक्टर थांबले. टाळ्या व्हायच्या आत तिसरे भीमराज वाढवे माईकवर आले. हाताला खीर लागलेली.

"मला दोघांचेबी फोन येतात," ते म्हणाले. "मी सगळ्यांना एकच सांगतो. आधी जेवून घ्या."

चारशे माणसं एकदम उठली आणि विहारामागे गेली.

आभार बाकी होते. पल्लवी हातात आभाराचा कागद घेऊन रिकाम्या मांडवाकडे बघत राहिली. आभाराच्या आत एक माणूस उठून गेला तरी हरायचं होतं. गाव उठून गेलं होतं.

पहिल्या रांगेत एकटे किशनराव बसून होते, हाताची घडी घालून. डोळे पुसायला त्यांनी घडी सोडली नव्हती, त्यामुळे गाल ओले होते.

"आबा," पल्लवी म्हणाली, "सगळे गेले."

"म्या मागं वळून पाह्यलं न्हाई," किशनराव म्हणाले. "मला दिसत होतं तितक्यातून कोणी उठलं न्हाई."

मग घसा खाकरून म्हणाले, "पण एक तकलीफ आहे. पुढच्या सालचा फ्लेक्स म्या पयलेच छापून ठेवला. पुंजाजी खंदारे, मोठ्या अक्षरात. वाया जायाला नको."

पल्लवीच्या हातातला कागद चुरगळला.

"तवा पोरी, आतापासूनच फोन लाव," किशनराव उठत म्हणाले. "त्या नावाचा दुसरा कोणी भेटते का बघ."