आयएसपीचा नंबर

"हे काम घरून कोण करेल?" असं साहेबांनी विचारलं तेव्हा खोलीत आम्ही सहा जण होतो. पाच जणांनी ताबडतोब आपापल्या फायलीत डोकं घातलं. सहाव्याला, म्हणजे मला, डोकं घालायला एक सेकंद उशीर झाला. सरकारी नोकरीत माणसाचं वाटोळं व्हायला एवढा वेळ पुष्कळ होतो.

दोन हजार चार साल होतं. आमच्या खात्याने (नाव सांगत नाही, पेन्शन अजून सुरू व्हायची आहे) ठरवलं होतं की यापुढे महिन्याचं विवरणपत्र वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयात ईमेलनेच जाईल. त्यासाठी हिंगणघाटच्या आमच्या कार्यालयाला एक लॅपटॉप मिळाला, आणि त्यासोबत एक मोडेम कार्ड. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं होतं आणि ऑफिसातला एकुलता एक टेलिफोन साहेबांच्या टेबलावर होता. माझ्या विवरणपत्रासाठी साहेबांचा फोन अर्धा तास बंद ठेवणं खात्याच्या शिस्तीत बसत नव्हतं. माझ्या घरचा बंद राहिला तर कोणाचं काही अडणार नव्हतं.

"रत्नदीप, तुमच्या घरी फोन आहे ना?"

"आहे, साहेब," मी म्हणालो. आणि वर, कोणी विचारलेलं नसताना, "त्यात काय, पाच मिनिटांचं काम आहे."

शेजारच्या टेबलावरच्या धनंजयने कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. (म्हणजे फी भरली होती.) त्याने मला सगळं समजावून सांगितलं. "हे कार्ड लॅपटॉपच्या बाजूच्या फटीत घालजो. फोनची तार फोनातून काढून कार्डाले लावजो. आयएसपीचा नंबर टाकजो. लाइन बिझीच राह्यते, म्हून रीडायलमधी नव्व्याण्णव टाकून देजो. मंग तू आराम कर, थे फिरवत राह्यते."

"आयएसपी म्हणजे?"

"इंटरनेट देनारी कंपनी. जास्त खोलात नको जाऊ."

कंपनीचा नंबर त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला. तो मी घरी जाऊन फोनच्या डायरीत शेवटच्या पानावर सुंदर अक्षरात उतरवला आणि चिठ्ठी फेकून दिली.

एकतीस मे उजाडला. विवरणपत्राची शेवटची तारीख. बाहेर हिंगणघाटचं ऊन होतं, त्याचं वर्णन करत नाही, माहीत असलेल्यांना गरज नाही आणि बाकीच्यांना पटणार नाही. माझी बायको जागृती शिक्षिका आहे, तिला उन्हाळ्याची सुटी होती. गिरणीत तिखटाला गर्दी, म्हणून ती स्वयंपाकघरात मिक्सरमध्येच लाल मिरच्या दळत बसली होती. मी दिवाणाखाली होतो, कारण फोनचा डबा दिवाणाच्या मागे आहे. घर बांधताना तो तिथेच बसवा असा आग्रह मीच धरला होता.

कार्ड आधी उलटं घातलं. मग सुलटं घातलं. मग, खात्री करून घ्यावी म्हणून, पुन्हा उलटं घालून पाहिलं. चौथ्या खेपेला लॅपटॉपने 'नवीन हार्डवेअर सापडलं' असं इंग्रजीत जाहीर केलं, तेव्हा मला ते स्वतः शोधून काढल्यासारखं वाटलं. पडद्यावर नंबरासाठी चौकट आली. मी दिवाणाखालूनच आवाज दिला.

"जागृती, डायरीतून आयएसपीचा नंबर वाच."

"कोनाचा?"

"आयएसपीचा."

मिक्सर घरघरत होता. "आईचा?"

"हो, आयएसपीचा. लवकर वाच, मान अवघडली."

मिक्सर थांबला. जागृतीने सहा आकडे सावकाश, एकेक करून वाचले. तिचा आवाज एकदम गोड झाला होता. मी ते तंत्रज्ञानाबद्दलच्या आदराचं लक्षण समजलो.

"लागला की मलेही देजा," ती म्हणाली.

तिलाही इंटरनेट पाहायचं असेल, असं मला वाटलं. मी रीडायलमध्ये नव्व्याण्णव टाकले. मोडेमचा आवाज पूर्ण बंद केला, कारण दुपारच्या वेळी यंत्राने कर्कश ओरडलेलं सुशिक्षित घरात बरं दिसत नाही. बटण दाबलं आणि बनियनवर कूलरसमोर पेपर उघडून बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी आराम करत होतो आणि काम दुसरं कोणी करत होतं. (साहेबांना हे सुख रोज मिळतं.)

वीसेक मिनिटांनी जागृतीने आतून विचारलं, "लागला का?"

"बिझी आहे."

"थे इतका वेळ कशी बिझी राहीन?"

"अगं, अख्ख्या जिल्ह्यातले लोक त्याच नंबरला लावतात."

ती दारात येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग आत गेली आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

त्या वेळी अल्लीपूरला काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. (अजूनही कळवलं जातं.) अल्लीपूरला माझं सासर. माझा मेहुणा प्रफुल्ल पुण्याला असतो. त्याने दिवाळीत येताना फोन करणाऱ्याचा नंबर दाखवणारा एक डबा आणून आईच्या फोनला जोडून दिला होता. तर त्या दिवशी फोन वाजला, डब्यावर लेकीचा नंबर आला आणि माझ्या सासूबाई, धुरपताबाई, हौसेने बोलल्या, "जयभीम. काय म्हनतं बाई?"

पलीकडून आवाज आला, "पीं."

मग शांतता. मग पुन्हा, "पीं."

मोडेम आपल्या भाषेत दुसऱ्या मोडेमला हाक मारत होता. धुरपताबाईंना वाटलं, लेक रडते आहे आणि तिचं तोंड कोणीतरी दाबून धरलं आहे. फोन तुटला. दीड मिनिटाने पुन्हा आला. पुन्हा "पीं." त्यांनी उलट फोन लावून पाहिला तर एंगेज. चौथ्या खेपेला त्यांनी शेजारच्या सीताबाईंना बोलावून ऐकवलं. सीताबाईंनी रिसीव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "पोरगी हाये. बोलाची कोशिश करून राह्यली, पन बोलू नाई देऊन राह्यले तिले."

माझे सासरे श्रावणराव, निवृत्त पोस्टमास्तर. ते म्हणाले, जरा थांबून पाहू. सातवा फोन आला तेव्हा जीप दारात उभी होती.

सासूबाई, श्रावणराव आणि सीताबाई आमच्या घरी पोचली तेव्हा मी कूलरसमोर पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. सासूबाई सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि त्याच क्षणी जागृती बाहेर आली. तिखटाचा खकाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून तिने तोंडावर ओढणी करकचून बांधली होती. डोळे लालभडक. गालांवरून पाणी वाहत होतं.

सासूबाई जागीच थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"कोनं बांधलं तिचं तोंड?"

"तिनेच बांधलं, मामी."

"माया बहिनीचा नवराबी असाच म्हने," सीताबाई म्हणाल्या.

जागृतीने बोलायला ओढणी खाली केली, आणि तिखटाचा असा ठसका लागला की तिला भिंत धरावी लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. "नोको बोलू बाई. मले समजलं सारं. म्हून तं इतके फोन केले तू."

"फोन कुठले?" मी मध्ये पडलो. "फोन सकाळपासून बंद आहे. मीच तार काढून ठेवली."

हे वाक्य मी निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून बोललो होतो. खोलीतले चेहरे पाहिल्यावर ते कबुलीजबाबासारखं निघालं हे माझ्या लक्षात आलं. सीताबाई दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी पळून जाईन असं त्यांना वाटलं असावं. बनियनवर मी कुठे जाणार होतो, देव जाणे.

तोवर श्रावणराव चष्मा लावून लॅपटॉपसमोर वाकले होते. आयुष्यभर पत्ते वाचलेला माणूस.

"जवाईबापू, हा नंबर इथं काऊन लिहिला?"

"तो आयएसपीचा नंबर आहे, मामाजी."

"हा तं आमचा होय," ते शांतपणे म्हणाले. "अन् इथं लिहून हाये, एकेचाळीसाव्यांदा लावून राह्यलो म्हून."

जागृतीचा ठसका थांबला. "तुम्हीच तं म्हनले, आईचा नंबर वाच."

"आईचा नाही. आयएसपीचा."

"हे कोन?"

मी कंपनी, तार, कार्ड, सगळं समजावून सांगितलं. पाऊण भाग मलाच समजला नव्हता, पण घाबरलेला माणूस फार छान समजावून सांगतो. शेवटी सासूबाईंचा चेहरा निवळला. लेक सुखरूप होती. मी सुटकेचा श्वास घेतला, तो अर्धाच घेऊन झाला.

"म्हंजे," सासूबाई हळू म्हणाल्या, "माहा नंबर तुमच्या डोयापुढं होता, अन् तुमाले वळखू नाई आला."

मी पडद्यावरचे सहा आकडे पुन्हा एकदा वाचले.

"अकरा वर्षं झाले लग्नाले. एकदाबी नसन लावला तुमी."

खरं होतं. फोन जागृती लावायची, मी पेपरमागून 'माझाही नमस्कार सांग' म्हणायचो. तोंड बांधल्याचा आरोप परवडला असता, त्यावर मला बचाव तरी होता.

"मले वाटलं, आज स्वताहून लावून राह्यले आईले," जागृती म्हणाली. "मी तं खुश होऊन गेलती." आणि ती चहा ठेवायला आत गेली. मिरच्यांच्या दिवशीसुद्धा तिचे डोळे त्या वेळी जास्तच लाल दिसले.

तीन वाजले होते. विवरणपत्र लॅपटॉपमध्येच होतं आणि खरा नंबर लावल्यावर ती लाइन खरोखरच बिझी निघाली. श्रावणराव म्हणाले, "जीप उभीच हाये. चला वर्ध्याले, हातानं देऊन येऊ." पोस्टातल्या माणसाचा अजून हातावर विश्वास होता. मी सदरा चढवला, लॅपटॉप मांडीवर घेतला. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि वर्ध्यापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. सीताबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना अजून पटलेलं नव्हतं.

जिल्हा कार्यालयातल्या बाबूने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं झालं, ईमेल नाई केला तुम्ही. आमचा कॉम्प्युटर आठ दिवसापासून बंद हाये. फॉर्म देतो, त्याच्यावर लिहून द्या."

लॅपटॉपच्या पडद्यावर पाहून, बॉलपेनने, तीन प्रतींत, मी देशातलं पहिलं संगणकीकृत विवरणपत्र हाताने लिहून दिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

त्यानंतर चार दिवस घरात माझ्याशी कामापुरतंच बोललं गेलं. पाचव्या दिवशी मी ठरवलं की हे आपणच सावरायचं. अल्लीपूरचा नंबर पाठ केला. (सहा आकडे, दोन दिवस लागले.) साहेब दौऱ्यावर गेले होते, म्हणून त्यांच्याच टेबलावरून, स्वतःच्या बोटाने, मी सासूबाईंना फोन लावला. नाव सांगितलं नाही. अकरा वर्षांच्या जावयाने नाव काय सांगायचं?

मनापासून बोललो. तब्येत विचारली. गुडघे विचारले. श्रावणरावांच्या ब्लड प्रेशरची चौकशी केली. म्हणालो, या वयात माणसाला आधार लागतो, आपल्या माघारी घरच्यांचं काय होईल ही चिंता लागते, आणि अशा वेळी आपल्या पाठीशी कोणीतरी आहे एवढा भरवसा असला की माणूस निवांत झोपतो. तो भरवसा तुम्हाला माझ्याकडून कायम मिळेल. बोलता बोलता मलाच भरून आलं. पलीकडे सासूबाई एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

मी थांबलो, तेव्हा त्या मायेने म्हणाल्या, "बोलता तं तुमी लय चांगलं, दादा. पन आमाले विमा नाई काढाचा."